घरचा डेमो लेबलला पाठवताना

प्रश्न : मोबाइलवर घरीच चार गाणी रेकॉर्ड केली आहेत. कॉपीराइट न नोंदवता छोट्या लेबलांना पाठवली, तर चाल चोरीला जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नोंदणीसाठी अजिबात अडून राहू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी ऐच्छिक आहे. चाल तुमची, तर हक्कही तुमचाच. मूळ फाइल आणि पाठवलेली ईमेल मात्र पुरावा म्हणून जपा. घरगुती आवाजाचाही संकोच नको. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा गाजलेला अल्बम म्हणजे घरी चार-ट्रॅक कॅसेटवर केलेले डेमोच! तुमच्या धाटणीचं संगीत काढणारं लेबल निवडा, दोनच दमदार गाण्यांची लिंक पाठवा. गाणं ऐकण्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. करारात रॉयल्टी सोडल्याचं कलम दिसलं, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. याच कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे.