बुरशीचे विष आणि यकृताचे कार्य

पावसाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील घरांच्या भिंती ओल धरतात आणि कणगीतील धान्यास बुरशी लागण्याचे भय निर्माण होते. भिंतीवरील बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत गेल्यास शिंका, खोकला व दम्याचा त्रास संभवतो. तथापि बुरशीच्या विषाचा मोठा धोका अन्नातून पोहोचतो.

या विषाचे भीषण रूप १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत दिसून आले. अवेळी पावसाने भिजलेला मका नीट न वाळताच साठविला गेला व गरीब आदिवासी कुटुंबांच्या नित्याच्या आहारात आला. रुग्णांना कावीळ होऊन पोटात पाणी साठू लागले. ३९७ जण आजारी पडले व त्यांपैकी शंभराहून अधिक दगावले. घरचे अन्न खाणारी कुत्रीही त्यातून सुटली नाहीत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष आढळले.

हे विष आतड्यातून रक्तात व तेथून यकृतात येते. परकीय पदार्थांचे रूप पालटून ते शरीराबाहेर धाडणे हे यकृताचे कार्य होय. परंतु या प्रक्रियेतच अफ्लाटॉक्सिनपासून अधिक घातक पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्यास जखडून टाकते व तो पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडतो. विषाची मात्रा वाढली की ही शक्ती अपुरी पडते आणि उरलेला पदार्थ पेशींतील प्रथिनांना व आनुवंशिक द्रव्याला चिकटतो. असे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी या रोगाचा संसर्ग असलेल्यांस हा धोका अधिक असतो.

धुतल्याने वरची बुरशी जाते, पण दाण्यातील विष राहते. शिजविल्याने वा भाजल्यानेही ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. गुरांना असे धान्य घातल्यास विषाचा अंश दुधात उतरतो.

सबब मका, ज्वारी व भुईमुगाच्या शेंगा काढणीनंतर कडक उन्हात वाळवाव्यात. दाणा दाताखाली कटकन फुटला म्हणजेच तो साठवणीस योग्य समजावा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. काळवंडलेले व बुरसटलेले दाणे निवडून नष्ट करावेत. शिक्षकांनी शाळेतील माध्यान्ह भोजनाचे धान्य वेळोवेळी तपासावे. गावात एकाच वेळी अनेकांस कावीळ झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. भिजलेले पीक टाकून देणे गरिबाच्या घरास परवडत नाही. म्हणूनच ते वेळीच वाळविण्याच्या कामी साऱ्या गावाने परस्परांस हात द्यावा.