परसबागेतील कूष्मांड : बीजापासून अवलेहापर्यंत

शार्ङ्गधरांनी काही द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत आणि आर्द्र आहेत म्हणून त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असा नियम घालून दिला आहे. गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा यांच्या पंक्तीत तेथे कूष्मांडाचीही गणना आहे. भावप्रकाशात याच फळाचे वयानुसार तीन भेद केले आहेत. बाल कूष्मांड शीत व पित्तहर, मध्यम वयाचे कफकारक, आणि वृद्ध फळ अतिशीत नसलेले, मधुर, सक्षार, लघु, दीपन व बस्तिशुद्धिकर, असे ते वर्णन आहे. हे दोन्ही संदर्भ आपण विद्यार्थिदशेत अभ्यासलेले असतात. परंतु ते एकत्र वाचले असता औषधनिर्मात्यापुढे एक व्यावहारिक अट उभी राहते : फळ ओलेही हवे आणि वृद्धही हवे. बहुतेक फळे वृद्ध झाली की सुकतात अथवा सडतात. कोहळा मात्र पक्व होताना अंगावर मेणासारखा पांढरा राखट थर धारण करतो आणि आतील रस कित्येक महिने राखतो. दृष्ट लागू नये म्हणून दाराशी टांगलेला कोहळा किती काळ टिकतो, हे आपण घरोघरी पाहतोच.

प्रश्न असा की, बाजारातून आणलेल्या कोहळ्याचे वय कोणी सांगावे? भाजीसाठी व मिठाईसाठी फळ लवकर तोडण्याकडे कल असतो. हाताळणीत वरची राख पुसली जाते आणि कोवळे कोणते, जून कोणते याची ओळखच उरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा निर्माणशाळेत असेच फळ येऊन पडले. किसातील पाणी आटेना. तुपावर परतताना ग्रंथोक्त मधुवर्ण येईना. अग्नी वाढवला तर बूड लागू लागले. शेवटी पाक झाला असे मानून आम्ही बरण्या भरल्या, ही आमचीच चूक. तीन आठवड्यांत अवलेहास आंबूस वास व वर फेस आला आणि संपूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. तुपाचे व खडीसाखरेचे नुकसान झाले ते झालेच, पण त्यापूर्वी दोन रुग्णांकडे बरण्या गेल्या होत्या. त्या परत मागवताना जी लाज वाटली, ती अद्याप विसरलेलो नाही. त्या वर्षापासून कोहळ्याचे वेल आम्ही परसातच लावतो. प्रस्तुत लेखात तो अनुभव मांडला आहे.

प्रथम नावाविषयी. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात कोहळा म्हटले की पांढरी राख असलेले फळ समजले जाते, तर विदर्भात कोहळे म्हणजे आपला तांबडा भोपळा. तेथील कोहळ्याची बोंडे तांबड्या भोपळ्याचीच असतात. त्यामुळे बियाणे अथवा फळ मागवताना केवळ ‘कोहळा’ एवढेच लिहिणे धोक्याचे आहे. बेनिनकासा हिस्पिडा हे वनस्पतिशास्त्रीय नाव मागणीपत्रावर अवश्य लिहावे. तांबडा भोपळा हा कुकुर्बिटा या अमेरिकेतील प्रजातीचा असून १४९२ नंतरच तो जुन्या जगात पोहोचला. संहिताकारांना तो ठाऊक असणे संभवत नाही. तो उत्तम भाजी आहे, परंतु संहितोक्त कूष्मांड नव्हे.

बीज व पेरणी

संकरित वाणाच्या फळातील बी पुढील वर्षी तसेच फळ देत नाही. म्हणून सरळ वाण घ्यावा. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचा काशी धवल, तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा को-१ हे असे परिचित वाण होत. केरळात वैद्यकुंबळम् या नावाने लहान फळांचा औषधी वाण वेगळा राखला जातो, तो मिळाल्यास औषधनिर्मात्यांनी जरूर लावून पाहावा. गावातील जुन्या वेलाचे बी मिळाले तरी उत्तम, मात्र उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचे घेऊ नये. कारण पुढे येईल.

मृग नक्षत्राच्या सुमारास एक-दोन चांगले पाऊस झाले की पेरावे. जानेवारी-फेब्रुवारीतही पेरता येते, पण तेव्हा पाण्याची सोय हवी. पूर्ण ऊन मिळेल अशा जागी हातभर लांब, रुंद व खोल आळे करावे. निघालेल्या मातीत जुने कुजलेले शेणखत निम्म्याने मिसळून ते भरावे. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे जळतात. वेल पंधरा-वीस फूट सहज पसरतो, म्हणून दोन आळ्यांत किमान सहा फुटांचे अंतर राखावे. आम्ही एक वर्ष तीन फुटांवर आळी केली आणि वेल मोजण्यापलीकडे एकमेकांत गुंतले.

कोहळ्याच्या बीचे कवच जाड असते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, नंतर ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवल्यास ती लवकर फुटते. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया बोटाच्या दीड पेराइतक्या खोल, आडव्या लावाव्यात. उगवणीस आठवडा ते पंधरवडा लागतो. जमीन गार असल्यास अधिकही लागतो, तोवर उकरून पाहण्याचा मोह आवरावा. दोन-तीन पाने आल्यावर जोमदार दोन रोपे ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

पुष्प, परागण व फळाची जन्मतिथी

आमच्या मते संपूर्ण लागवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. कोहळ्याच्या एकाच वेलावर नर व मादी पुष्पे वेगवेगळी येतात. प्रथम बरेच दिवस नर पुष्पेच येतात व गळून पडतात. अनेक वैद्यमित्र याच वेळी वेल वांझ आहे असे समजून खताचा मारा करतात. नत्र अधिक झाले की पाने व नर पुष्पे वाढतात, मादी पुष्पे लांबतात. थोडे थांबावे. मादी पुष्पाच्या पाकळ्यांखाली लवदार, इवलेसे फळ दिसते, त्यावरून ते निःसंशय ओळखता येते.

परागण मधमाश्यांकडून होते. श्रावणातील झडीत माश्या फिरकत नाहीत आणि कळे पिवळे पडून गळतात. अशा वेळी पहाटे, फुले नुकती उमललेली असताना, ताजे नर पुष्प खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागयुक्त केसर मादी पुष्पाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. काम दोन मिनिटांचे आहे. त्याच वेळी देठाला सुती दोरा सैल बांधून त्यास तारखेची चिठ्ठी अडकवावी. ही त्या फळाची जन्मतिथी. बाजारातील कोणताही व्यापारी जे सांगू शकत नाही, ते या चिठ्ठीवर असते. निर्माणशाळेच्या कच्च्या द्रव्यांच्या नोंदवहीत हीच तारीख आम्ही उतरवतो. एका वेलावर तीन-चार फळेच ठेवावीत, बाकीचे कळे खुडावेत.

शेजारी दुधी, दोडका, तांबडा भोपळा असल्यास कोहळा बिघडतो असा समज आहे. त्यांच्याशी कोहळ्याचा संकर होत नाही, तेव्हा ती भीती बाळगू नये.

कीड व रोग यांविषयी थोडक्यात. लहान रोपांवर तांबडे भुंगेरे येतात. सकाळी दव असताना ते सुस्त असतात, तेव्हा वेचून मारावेत व पानांवर चाळलेली राख धुरळावी. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. फळ मुठीएवढे होताच त्यास कागदी पिशवी बांधणे आणि किडकी फळे खोल पुरणे हा उपाय, जोडीला कामगंध सापळा लावावा. पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा तर सायंकाळी, म्हणजे मधमाश्यांस अपाय होत नाही. भुरी रोगावर गंधक धुरळण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, पण या कुलातील वेलींची पाने गंधकाने करपतात. औषधी फळावर विषारी फवारणी आम्ही मुळीच करत नाही, त्यापायी एखादे फळ गेले तरी चालेल.

पक्वता व उपयोग

पेरणीपासून चार ते पाच महिन्यांत फळ पक्व होते. मृगात पेरलेला कोहळा कार्तिकात, कूष्मांडनवमीच्या आगेमागे हाती येतो, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. अंगावरील लव झडून बोटाला लागेल अशी दाट राख येणे, देठ वाळणे आणि टिचकीस घट्ट नाद येणे, ही लक्षणे चिठ्ठीवरील तारखेशी ताडून पाहावीत. देठाचा वीतभर भाग ठेवून फळ कापावे, राख पुसू नये आणि कोरड्या, हवेशीर जागी गवतावर किंवा शिंक्यात ठेवावे. ओरखडा गेलेले फळ आधी वापरावे.

अवलेहास १०० पल कूष्मांड सांगितले आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या मानाने पल ४८ ग्रॅमचा, म्हणजे हे ४.८ किलो होतात. साल, बिया व मधला भुसभुशीत गाभा काढल्यावर एवढा गर मिळण्यास आमच्याकडे सात-आठ किलोंचे एक फळ लागते. म्हणजे दोन वेल नीट जोपासले तर लहान चिकित्सालयाची वर्षाची गरज भागते. आवळा देऊन कोहळा काढण्याची वेळ येत नाही. वृद्ध फळाचा किस पिळून तुपावर परतला की मधुवर्ण विनासायास येतो, हे आम्ही प्रत्येक वर्षी पाहत आहोत.

फळ चिरल्यावर, शिजवण्यापूर्वी, गराचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. किंचितही कडू लागल्यास थुंकून टाकावा व ते फळ कितीही मोठे असो, औषधात घेऊ नये. या कुलातील कडवट द्रव्ये शिजवूनही खात्रीने नष्ट होत नाहीत. २०१० साली दिल्लीत दुधी व कारल्याचा कडू रस घेतल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस सर्वथा वर्ज्य सांगितला. कोहळ्यात कडवटपणा क्वचितच आढळतो, परंतु आपोआप उगवलेल्या वेलाच्या बीचा वंश अज्ञात असतो. तसे बी वर्ज्य करण्याचे कारण हेच. रिकाम्या पोटी कोहळ्याचा कच्चा रस घेणाऱ्या रुग्णांनाही चव पाहण्याची ही सूचना आवर्जून द्यावी.

सर्वांत वजनदार व गोड निघालेल्या फळाच्या बिया त्याच दिवशी धुवाव्यात. पाण्यावर तरंगणाऱ्या टाकून द्याव्यात, तळाशी बसलेल्या सावलीत आठवडाभर वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात, वर वाण व साल लिहून, राखेच्या डब्यात ठेवाव्यात. एका फळात कित्येक वर्षांचे बी असते. आमच्याकडील अधिक बी आम्ही दरवर्षी वैशाखात परिचित वैद्यांना देतो.