मशीनचा शेक घेण्यापूर्वी

शिलाई मशीनवर वाकून बसणारा दर्जी असो की मागावरचा कारीगर, खांदा आखडला की दवाखान्यात ‘अल्ट्रासाउंडचा शेक’ सांगितला जातो. ही चीज काय आहे, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या मशीनच्या हँडलातून 10 ते 30 लाख कंपनांच्या लहरी निघतात. 10 लाखांच्या लहरी खोल जातात, 30 लाखांच्या वरवर राहतात. त्यांनी आत ऊब निर्माण होते. मध्ये हवा राहिली तर लहरी पुढे जात नाहीत, म्हणून जेल लावतात. हँडल सतत फिरते हवे. एका जागी थांबले तर भाजण्याचा धोका असतो. चटका किंवा हाडात कळ जाणवताच सांगावे. पेसमेकर, कर्करोग, गर्भ किंवा बधिर कातडी असल्यास आधीच कळवावे.

आता हिशेबाची बात. 2001 मध्ये एका अमेरिकी फिजिओथेरपी नियतकालिकात 35 चाचण्यांची तपासणी छापली गेली. पद्धत समाधानकारक असलेल्या 10 चाचण्यांपैकी फक्त 2 मध्ये नकली शेकापेक्षा जास्त फायदा दिसला.

म्हणून नुसत्या शेकावर रोजी खर्च करू नये. पैसे देण्यापूर्वी “व्यायाम कोणता करू?” हे जरूर विचारावे आणि तो रोज करावा. बैठकीची उंची सुधारावी, कामातून अधूनमधून उठावे. कापड हात लावून पारखतो, तसा इलाजही पारखून घ्यावा.