सूक्ष्मनियंत्रकाचा पहिला पाठ

आपल्या जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्यापूर्वीं, २०१२-१३ च्या अवर्षणांत, जिल्ह्यांतील कित्येक बागा वाळून गेल्या, हें तुमच्या वडीलमंडळींस चांगलें आठवत असेल. झाडास पाणी केव्हां द्यावें हा प्रश्न येथें करमणुकीचा नव्हे. म्हणून मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे सूक्ष्मनियंत्रकाची, ओळख करून घेतांना दिवा लुकलुकविण्यावर न थांबतां आपण मातीच्या ओलाव्यापर्यंत जाऊं.

नवशिक्यास आर्डुइनो उनो हा बोर्ड सोयीचा. आर्डुइनोचा उगम इटलींतील इव्रेया येथें २००५ सालीं झाला. उनोवरील एटमेगा ३२८पी या चिपची कार्यक्रम साठविण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट. मोबाइलवरील एक साधें छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. आपलें काम मात्र तेवढ्यांत सहज भागतें. याच जातीचे बोर्ड कांहीं शें रुपयांत मिळतात, व मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमांत याचे पाठ विनामूल्य आहेत.

प्रथम एलईडी दिवा जोडावा. पिनेवर ५ व्होल्ट असतात. तांबड्या एलईडीस सुमारें २ पुरतात. उरलेले ३ व्होल्ट रोधानें घ्यावयाचे. प्रवाह १० मिलिअँपियर ठेवावयाचा, तर ३ भागिले ०.०१, म्हणजे ३०० ओहम. दुकानांत ३३० चा मिळतो, तो घ्यावा. प्रस्तुत लेखकानें घाईनें एक एलईडी सरळ ५ व्होल्टांस जोडून जाळला आहे. ओहमचा नियम पाठ होता. हातास मात्र ठाऊक नव्हता! कार्यक्रमांत दिवा लावणें, १००० मिलिसेकंद थांबणें, विझविणें व पुन्हां थांबणें, एवढ्याच आज्ञा. १००० चे २०० करून पाहा.

आतां माती. दोन खिळे दोन इंचांच्या अंतरानें कुंडींत रोवा. एक खिळा सातव्या पिनेस जोडा. दुसरा ए-शून्य या पिनेस, व तेथूनच १० हजार ओहमचा रोध ग्राउंडला. माती जितकी ओली तितका प्रवाह अधिक, आणि ० ते १०२३ यांमधील आंकडा तितका मोठा. कोरड्या मातीचा व पाणी घातल्यानंतरचा, असे दोन्ही आंकडे टिपून ठेवावे. ते पुस्तकांत शोधूं नयेत. खतांतील क्षारांनींहि ते बदलतात. सातवी पिन वाचनाच्या क्षणींच चालू करावी. प्रवाह अखंड ठेवला तर विद्युद्विघटनानें तो खिळा थोड्याच दिवसांत खाऊन जातो. आपल्या काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे: वाळतांना ती भेगाळते, खिळा सैल होतो, व खालीं ओल असतांहि आंकडा कोरडेपणा दाखवितो.

पालकांस एक विनंति. विहिरीवरील मोटारीस हा बोर्ड मुलांना जोडूं देऊं नये. पिनेनें २० मिलिअँपियरच्या वर भार घेऊं नये, आणि मोटारीच्या विजेनें प्राण जातो. बोर्डानें दिवा लावून सूचना द्यावी. बटण घरच्या मोठ्यांनींच दाबावें.

पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ आंकडा वहींत लिहा. शेजारीं, वडील मूठभर माती दाबून काय म्हणाले, तेंहि लिहा. दोहोंत अंतर पडलें तर खिळे घट्ट बसले आहेत कीं नाहींत, हें आधीं पाहावें.