शेरवानीचे जाकीट

(जुने कापड टाकून देण्याऐवजी त्याचा नवा उपयोग करता येतो. मात्र त्यासाठी माप, विचार आणि धीर हवा. प्रस्तुत पाठात एका मुलीने आपल्या भावासाठी अस्तर लावलेले जाकीट कसे शिवले, ते सांगितले आहे.)

दादाजान वारले त्याला सहा वर्षे झाली. त्यांची काळी लोकरी शेरवानी दादींनी पेटीत जपून ठेवली होती. दरवर्षी पावसाळा संपला की त्या ती उन्हात घालत, झटकत आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा ठेवत. या वर्षी मात्र कॉलरला आणि एका बाहीला कसर लागलेली दिसली.

दादी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बेटी, तू शिवणकाम शिकतेस ना? याचे धाकट्यासाठी जाकीट होईल का?"

माझा धाकटा भाऊ सहावीत आहे. स्नेहसंमेलनात त्याला भाषण करायचे होते. मी लगेच "हो" म्हणाले. पण कात्री हातात घेतली आणि माझा हात थांबला. तसे कापड बाजारात मिळाले असते. दादाजानांची शेरवानी पुन्हा मिळणार नव्हती.

अम्मी म्हणाल्या, "आधी कागदावर काढ. मग जुन्या चादरीवर करून पाहा. शेरवानीला शेवटी हात लाव."

कागदी आकृतीबद्दल शाळेतील आपांनी आम्हांला सांगितले होते. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांच्या कागदी आकृत्या विकायला सुरुवात केली. त्यामुळे घरी शिवणाऱ्यांनाही मापाचे कपडे बेतता येऊ लागले.

मी भावाची मापे घेतली. छाती २८ इंच, लांबी २० इंच. जाकीट सदऱ्यावर घालायचे, म्हणून छातीत ४ इंच सैलपणा धरला. ३२ इंचांचे चार भाग केले. प्रत्येक भाग ८ इंचांचा आला. पुढच्या भागांना बटणपट्टीसाठी पाऊण इंच वाढवले. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच दाब सोडला.

मग छापील चादर पसरली. पुढच्या भागाची आकृती ठेवून एक तुकडा कापला. तीच आकृती तशीच पुन्हा ठेवून दुसरा कापला. जोडायला घेतले, तर एका तुकड्याची नक्षी बाहेर आणि दुसऱ्याची आत! मी दोन्ही तुकडे डाव्या बाजूचेच कापले होते. दुसऱ्या वेळी आकृती उलटी करून ठेवायला हवी होती.

माझ्या अंगावर काटा आला. हीच चूक शेरवानीवर झाली असती तर?

अम्मी एवढेच म्हणाल्या, "चादर कशासाठी घेतली होती?"

उजवा तुकडा पुन्हा कापून मी जाकीट कच्च्या टाक्यांनी जोडले आणि भावाला घातले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्याचा उजवा खांदा किंचित उतरता आहे, त्यामुळे तिथे झोळ येत होता. खांद्याची शिवण मुंढ्याच्या टोकाला दोन सूत खोल घेतली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्याने झोळ गेला. ही खूण मी कागदावरही करून ठेवली.

आता शेरवानी उसवली. पाठीच्या मधली शिवण पक्की होती, ती तशीच ठेवली. पुढचे दोन्ही भाग सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकदमच कापले. त्यामुळे एक डावा आणि एक उजवा आपोआप मिळाला. कसर लागलेला भाग बाजूला राहिला. अस्तराचे सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री केले होते. न भिजवता लावलेले सुती अस्तर धुतल्यावर आटते आणि वरचे कापड ओढते.

अस्तर काठाला एक सूत लहान कापले, म्हणजे ते बाहेर डोकावत नाही. कापडाचे आणि अस्तराचे खांदे वेगवेगळे जोडले. मग दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून पुढचे काठ, गळा आणि मुंढे यांवर टीप मारली. कुशी उघड्याच ठेवल्या. गोलाईच्या दाबाला लहान लहान कातरे दिले. ते दिले नाहीत तर गोलाईला चुण्या पडतात. त्यानंतर पुढचे भाग खांद्यांतून पाठीकडे ओढून जाकीट सुलट केले आणि कुशी शिवल्या. खालचा काठ आतून शिवताना चार इंच जागा सोडली. त्यातून जाकीट पुन्हा सुलट केले आणि ती जागा हाताने बंद केली.

एक गोष्ट मात्र आकृतीत नव्हती. शेरवानीच्या आत दादाजानांचा चष्म्याचा खिसा होता. तो मी अलगद काढला होता आणि कुशी शिवण्यापूर्वी डाव्या बाजूच्या अस्तरावर बसवला होता.

भावाने जाकीट घातले. दादींनी त्याला जवळ बोलावले, खांद्यावरून हात फिरवला आणि मग आतल्या खिशात हात घातला. त्यांनी तो ओळखला.

"इथे काय ठेवशील?" त्यांनी विचारले.

"भाषणाचा कागद," भाऊ म्हणाला.

दादींनी पेटीतले उरलेले तुकडे माझ्या हाती दिले. म्हणाल्या, "हेही जपून ठेव. पुढच्या वर्षी तो उंच होईल."

शब्दार्थ
कसर – लोकरी कापड खाणारी कीड
अस्तर – कपड्याच्या आतले कापड
दाब – शिवणीसाठी सोडलेले जास्तीचे कापड
मुंढा – कपड्याचा बाही जोडण्याचा गोल भाग
कूस – कपड्याची बाजूची शिवण
अंगावर काटा येणे – भीतीने शहारणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेरवानीला कोठे कसर लागली होती?
(आ) अस्तराचे कापड आधी का भिजवले?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) मुलीचा कात्री धरलेला हात थांबला.
(आ) चादरीची नक्षी एका बाजूला आत गेली.
प्र. ३. 'अस्तर' आणि 'खिसा' यांसारखे मराठीत रुळलेले पाच फारसी किंवा अरबी शब्द लिहा व ते वाक्यांत वापरा.
उपक्रम : घरातील एका जुन्या कपड्यापासून कागदी आकृतीच्या मदतीने पिशवी शिवा.