आलेखाची निवड : आधी प्रश्न, मग आकृती

स्तंभालेख, रेषालेख व वृत्तालेख हे निरनिराळ्या पाठांत येत असल्यामुळे विद्यार्थी प्रत्येकाची कृती शिकतो. परंतु हाती आलेल्या माहितीसाठी त्यांपैकी कोणता घ्यावा, हे त्यास क्वचितच विचारले जाते. आता अनेक शाळांतून संगणक आला आहे. पायथनसारख्या भाषेत आज्ञेतील एखादा शब्द बदलला की स्तंभांच्या जागी वर्तुळ उमटते. यंत्र मागितलेला आलेख काढून देते. तो योग्य आहे की नाही, हे ते सांगत नाही. तो विवेक शिक्षकाने शिकवावयाचा आहे.

त्यासाठी एक नियम पुरेसा आहे. माहितीला कोणता प्रश्न विचारावयाचा, ते प्रथम एका वाक्यात फळ्यावर लिहावे. प्रश्न ठरला की आलेख ठरतो.

कुळगाव परिसरातील तीन शहरांची लोकसंख्या उदाहरणादाखल घेऊ. २००१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७४ हजार, अंबरनाथची २ लाख ४ हजार व कुळगाव-बदलापूरची ९८ हजार होती. २०११ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ५ लाख ६ हजार, २ लाख ५३ हजार व १ लाख ७४ हजार झाले.

१. तुलना : ‘कोणत्या शहराची लोकसंख्या किती?’ येथे जोडस्तंभालेख योग्य. या शहरांचे बिंदू रेषेने जोडू नयेत. उल्हासनगर व अंबरनाथ यांच्या मधल्या बिंदूला काही अर्थ नाही. स्तंभाचा आरंभ शून्यापासूनच असावा. केवळ उल्हासनगरचे दोन स्तंभ काढताना अक्ष साडेचार लाखांपासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच दिसेल. प्रत्यक्षात वाढ सुमारे ७ टक्केच आहे.

२. वाढीचा वेग : ‘कोणते शहर अधिक वेगाने वाढले?’ वरील आलेखात कुळगाव-बदलापूरचे स्तंभ सर्वांत ठेंगणे दिसतात. वाढीच्या टक्केवारीचा स्तंभालेख काढताच चित्र पालटते : उल्हासनगर ७, अंबरनाथ २४ आणि कुळगाव-बदलापूर ७८. आकडे तेच, प्रश्न निराळा, म्हणून आलेखही निराळा.

३. वाटा : ‘तिन्ही शहरांच्या एकूण लोकसंख्येत प्रत्येकाचा हिस्सा किती?’ येथे वृत्तालेख चालतो. मात्र कुळगाव-बदलापूरचा हिस्सा दहा वर्षांत १३ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेला, हे दोन वर्तुळांत चटकन उमगत नाही. क्लीव्हलँड व मॅक्गिल या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, माणसाचा डोळा कोनापेक्षा लांबी अधिक अचूक जोखतो. म्हणून अशा तुलनेस शतमान स्तंभालेख बरा. शिवाय सर्व भाग मिळून एक पूर्ण होत असेल, तरच वर्तुळ काढावे. एकाच मुलाने दोन आवडते खेळ सांगितले असतील, तर त्या माहितीचा वृत्तालेख होऊ शकत नाही.

४. काळानुसार बदल : ‘केव्हा वाढले, केव्हा घटले?’ हा रेषालेखाचा प्रांत. विल्यम प्लेफेअर या लेखकाने १७८६ मध्ये आयात-निर्यातीचे चढउतार अशाच रेषांनी दाखविले. दोन वर्षांच्या आकड्यांतून मधले चढउतार कळत नाहीत. त्यासाठी ओळीने अनेक नोंदी हव्यात. अशा नोंदी प्रत्येक शाळेच्या हजेरीपटात असतात.

समजा, एका वर्गाच्या पटावर ३० मुले आहेत. दिवाळीपर्यंत सरासरी २८ मुले उपस्थित राहिली व पुढील तितक्याच दिवसांत २०. वर्षाची सरासरी २४ येते. हजर व गैरहजर असे दोन भाग केलेले वर्तुळ काढले, तर ८० टक्के उपस्थिती पाहून कोणासही समाधान वाटेल. त्याच नोंदींचा महिनावार रेषालेख मात्र दिवाळीनंतर एकदम खाली उतरतो. ठाणे जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे त्याच सुमारास वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात, हे शिक्षकांस ठाऊक आहे. वर्तुळात ती मुले दिसत नाहीत. रेषेत ती कोणत्या महिन्यापासून दिसेनाशी झाली, हे कळते. पुढील वर्षी त्यांच्या निवासाची वा भट्टीजवळच्या शाळेत प्रवेशाची व्यवस्था त्या महिन्यापूर्वीच करता येते.

स्वाध्याय : विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाच्या महिनावार उपस्थितीचे स्तंभालेख, रेषालेख व वृत्तालेख काढावेत, आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे एका वाक्यात लिहावे. ज्याखाली असे वाक्य लिहिता येणार नाही, तो आलेख वगळावा.