‘का?’ विचारणाऱ्याला उत्तर द्या

प्रश्न : भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये मी पाळीप्रमुख आहे. नवी मुलं सांगितलं तेवढंच करतात, वर ‘हे असंच का?’ म्हणून विचारतात. आम्ही वरिष्ठांपुढे ब्र काढत नव्हतो. यांना कामाची गोडी कशी लावू? – एक वाचक, भिलाई

उत्तर : ‘का?’ विचारणारा मुलगा कामचुकार नसतो. त्याला काम समजून घ्यायचं असतं. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या तुमच्या कारखान्यात पहिली झोतभट्टी १९५९मध्ये सुरू झाली. सोव्हिएत तंत्रज्ञांना विचारत विचारतच तेव्हाची आपली तरुण मंडळी तयार झाली.

नाकारलेल्या रुळाचा तुकडा त्यांच्या हातात द्या. पृष्ठभागावरची बारीक चीर बोटानं चाचपू द्या, ती कुठल्या टप्प्यावर आली असेल ते त्यांनाच शोधू द्या. आपण बनवलेल्या रुळांवरून भरलेली गाडी धावणार, हे एकदा मनात उतरलं की मागे लागावं लागत नाही. मग एखाद्या तपासणीची जबाबदारी पूर्णपणे सोपवा आणि मध्ये हात घालू नका. हेच सर्वांत अवघड, कारण आपल्याला ते काम पटकन जमतं.

चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगा. कौतुक पाळी बदलताना, सगळ्यांसमोर, नाव घेऊन करा. सुरक्षेत मात्र सूट नको. क्रेनखाली आणि तापलेल्या पोलादाजवळ आधी सूचना पाळायची, शंका नंतर. पण ती शंका त्याच दिवशी ऐकून घ्या.

उद्याच्या पाळीत एक तपासणी एकाला सोपवून बघा, आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.